वडिलार्जित बंदूक आणि परवाना

वडिलार्जित संपत्तीवर पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो, हा कल्याणीच्या विज्ञानेश्वराने 'मिताक्षरे'त प्रतिपादिलेला सिद्धान्त होय. २००५ मध्ये कायद्याने तोच हक्क कन्येसही दिला. शेत, घर, दागदागिने यांचा वारसा याच मार्गाने चालत आला; बंदुकीचे मात्र तसे नाही. वडिलांच्या पश्चात तिची मालकी वारसाकडे येते, परंतु ती जवळ बाळगण्याचा अधिकार त्याबरोबर येत नाही. मालकी आणि ताबा यांची ही फारकत कशी झाली, याचा शोध घेऊ गेल्यास आपल्याच मुलखातील इतिहास समोर येतो.

१८५७ च्या उठावाच्या धामधुमीत इंग्रज सरकारने शस्त्रांची नोंद करण्याचा व ती काढून घेण्याचा कायदा केला. मुधोळच्या घोरपडे संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी शस्त्रे देण्याचे नाकारून त्याच वर्षी बंड केले. ते कठोरपणे मोडण्यात आले. १८५८ मध्ये नरगुंदचे अधिपती भास्करराव भावे ऊर्फ बाबासाहेब यांनी शस्त्र उचलले. त्यांना दत्तक घेण्याची परवानगी नाकारण्यात आली होती, आणि त्यात निःशस्त्रीकरणाच्या धोरणाची भर पडली. बेळगाव येथे त्यांना फाशी देण्यात आली. गादीला वारस कोण आणि शस्त्र कोणाच्या हाती, हे दोन्ही प्रश्न परकीय सत्तेने एकाच काळात आपल्या मुठीत घेतले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ मध्ये, सर्व देशासाठी शस्त्रांचा कायदा झाला. युरोपियनांना त्यातून सूट होती; हिंदी माणसाला परवाना घेणे भाग होते. कोडगूतील कोडवांना मात्र इंग्रजांनी १८६१ पासूनच सवलत दिली होती. ही सवलत स्वातंत्र्यानंतरही टिकली, २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढविण्यात आली, आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. तेथे सूट जमातीला व विशिष्ट जमीनधारकांना आहे. इतरत्र परवाना व्यक्तीला मिळतो. हाच भेद कुटुंबातील हस्तांतराच्या मुळाशी आहे.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये संमत होऊन १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्यानुसार स्वतःच्या वापराची बंदूक दुसऱ्यास द्यावयाची असल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांस लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. आणि घेणाराही तिचा कायदेशीर धारक होण्यास पात्र असावा लागतो. बापाने लेकास देतानाही यातून सुटका नाही. परवानाधारक वारल्यास शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे, आणि वारसाने आपल्या नावे परवाना मागावयाचा. २०१६ च्या नियमांनी आणखी एक वाट मोकळी केली : धारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली, किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, तर हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो, या वारसांत कन्या व सून यांचाही समावेश आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वारशाने आलेली शस्त्रेही त्या मर्यादेतच धरली.

कायद्याचा साचा तोच राहिला, हेतू मात्र पालटला. परक्या राज्यकर्त्याला प्रजेची भीती होती. आजच्या राज्याला प्रजेच्या सुरक्षिततेची काळजी आहे. तथापि घरात सुतक असताना कोपऱ्यातल्या बंदुकीची आठवण कोणास होते? एखादी वृद्ध विधवा केवळ अज्ञानाने बेकायदा धारक ठरू शकते. दुरुस्त करूनही न चालणाऱ्या पुराण्या बंदुकीला कायद्याने वगळले आहे. पण आपल्या घरची बंदूक त्यात मोडते की नाही, हे घरच्यांनी स्वतःच ठरवून टाकणे धोक्याचे. म्हणून जमिनीच्या कागदपत्रांची व्यवस्था जशी हयातीत लावून ठेवतात, तशीच बंदुकीचीही लावून ठेवावी. ज्या मुलखाने शस्त्रांच्या कायद्यापायी माणसे गमावली, त्याने हा कायदा निदान नीट वाचलेला असावा.