सर्वोत्तम किल्ला कोणता? क्रमवारी लावणाऱ्यांचा इतिहास

थ्रेड 🧵

१/ जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात साल्हेर आहे, शेजारचा शिवनेरी आहे. अकोले तालुक्यातील मात्र एकही किल्ला नाही. आमच्या अकोलेकर मित्रांमध्ये दोन दिवस एकच प्रश्न चर्चेत होता : हरिश्चंद्रगड मागे पडलाच कसा?

२/ प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. ‘मागे पडला’ म्हणायचे, तर कोणत्या मोजपट्टीने? किल्ल्यांची तुलना आपल्या पिढीने सुरू केलेली नाही. ती साडेतीनशे वर्षे चालू आहे आणि दर वेळी निकाल वेगळा लागला आहे.

३/ सभासद बखरीतील प्रसंग पाहा. रायरीचा डोंगर पाहून शिवाजी महाराज त्याची तुलना थेट दौलताबादशी करतात. दौलताबाद उत्तम खरा, पण उंचीला कमी. हा त्याहून कितीतरी उंच. म्हणून तख्ताची जागा हीच, असा निर्णय होतो. त्यापूर्वी सुमारे पाव शतक राजधानी राजगडावर होती. राजगड रातोरात निकृष्ट झाला नव्हता. राज्याची गरज बदलली होती.

४/ आता हीच ‘उंची’ समुद्रसपाटीपासून मोजा. रायगड सुमारे ८२० मीटर, हरिश्चंद्रगड १४२४ मीटर. निकष तोच, पण मोजण्याची सुरुवात बदलली की क्रम उलटतो. आकड्यांची क्रमवारीसुद्धा निवडीतूनच जन्मते.

५/ अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याची परीक्षा सविस्तर येते. पाणी आहे का? लगतचा उंच डोंगर शत्रूच्या उपयोगी पडेल का? दरवाजे किती, चोरवाटा किती? कड्यावरून दिसणारा देखावा हा निकष त्यात नाही. आज आपण मात्र प्रथम तोच पाहतो.

६/ ही कसोटी अलंग, मदन आणि कुलंग या त्रिकुटाला लावून पाहा. एका रांगेत उभे असलेले हे तीन किल्ले. शेजारचा डोंगर हा दोष मानला, तर तिघांचेही गुण कापावे लागतील. तिन्ही एकाच सत्तेच्या हाती असतील, तर तोच शेजार त्यांचे बळ ठरतो. नियम लिखित असला तरी निर्णय परीक्षकाचाच.

७/ पट्टा किल्ल्याची गोष्ट आणखी वेगळी. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना मोगली फौज पाठीवर असताना महाराज येथे सुखरूप पोहोचले, विसावले. म्हणून हा ‘विश्रामगड’. कोणत्याही ‘टॉप टेन’मध्ये तो सहसा दिसत नाही. पण दमलेल्या सैन्याला त्या दिवशी विचारले असते, तर पहिला क्रमांक कोणाला मिळाला असता?

८/ हरिश्चंद्रगडावरही प्रत्येकाने आपापला गड पाहिला. मंदिरातील शिलालेखांत चांगदेवांचा उल्लेख आहे. साधकासाठी ही तपोभूमी. इंग्रज अधिकारी विल्यम साइक्स यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या हवामानावरील निबंधात येथील वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद केली. त्यांना गड ही जणू वेधशाळाच वाटली असावी.

९/ १८१८ नंतर कंपनी सरकारची मोजपट्टी सरळ होती : जो किल्ला घेण्यास अवघड, तो अधिक धोकादायक. अलंगसारख्या किल्ल्यांच्या पायऱ्या तोडल्या गेल्या त्या यामुळेच. म्हणजे उद्ध्वस्त वाट ही शत्रूने दिलेली पसंतीची पावतीच!

१०/ आणि ज्यांनी हे गड राखले त्यांचे काय? किल्ल्यांवरील शिबंदी कमी झाली, तशी महादेव कोळी समाजातील अनेकांची रोजी गेली. पुढच्या उठावांमागील कारणांत हेही एक होते. याच मुलुखातील देवगावचे राघोजी भांगरे १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्यांच्या लोकांसाठी गड म्हणजे वतन, रोजगार आणि संकटात आडोसा. ही मोजपट्टी कोणत्याही यादीत नाही.

११/ मग सगळे मत सारखेच का? नाही. आवड व्यक्तिगत असते, पण पुरावा व्यक्तिगत नसतो. टाक्यांत पाणी आहे की नाही, शिलालेखात काय कोरले आहे, हे आवडीवर ठरत नाही. यातील कशाला किती वजन द्यायचे, हे मात्र परीक्षक ठरवतो. युनेस्कोची यादीही ‘सर्वांत सुंदर बारा’ अशी नाही. मराठा लष्करी व्यवस्थेचे वेगवेगळे नमुने दाखवणारी ती निवड आहे. या दृष्टीने पाहिले, तर हरिश्चंद्रगडाचा पराभव झालेलाच नाही.

१२/ चिंता वेगळी आहे. यादीतल्या किल्ल्याकडे निधी, अभ्यासक आणि पर्यटक वळतात. यादीबाहेरची तटबंदी मुकाट ढासळते. क्रमवारीला इतिहास समजण्याची किंमत त्या दगडांना मोजावी लागते.

१३/ आता माझी कबुली. माझा पहिला क्रमांक रतनगडाला. कारण ऐतिहासिक नाही : लहानपणी वडिलांबरोबर चढलेला तो पहिला गड. नेढ्यात बसून वाऱ्याचा मार खात भंडारदऱ्याचे पाणी पाहिले, आणि इतिहास शिकायचा हे बहुधा तिथेच ठरले. प्रबंधात हे लिहिता येणार नाही. येथे लपवणार नाही.

१४/ तुमचा पहिला क्रमांक कोणता, ते जरूर सांगा. पण त्याआधी मोजपट्टी सांगा.