फाईल उघडणे म्हणजे काय? : दप्तर, बाइट आणि संकेत



तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरानं संगणकाच्या फायलींवर बोलावं, हे काही जणांना विचित्र वाटेल. पण आज इथं इस्लामपुरात समोर बसलेल्यांत इंजिनिअरिंगची मुलंही आहेत आणि जुने कागद जपणारी वडीलधारी मंडळीही आहेत. या दोघांचा प्रश्न एकच आहे, असं आमचं म्हणणं आहे. लिहिलेलं पुढच्याला वाचता येईल, याची हमी कोण देतं?

आधी आमचीच फजिती सांगतो. १९९०च्या दशकात आम्ही वाळवा तालुक्यात हिंडून, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात ज्यांनी १९४३ नंतर कामं केली, अशा म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या. अकरा वह्या भरल्या. एका डीटीपीवाल्याकडून त्या टाइप करून घेतल्या, फ्लॉप्या कपाटात ठेवल्या आणि निर्धास्त झालो. वह्या पुढं वाळवीनं खाल्ल्या. वीस वर्षांनी फायली उघडल्या, तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा नुसता चिवडा! फाईल शाबूत होती. एक बाइटही हरवला नव्हता. तरी वाचायला काही नव्हतं.

असं का झालं, हे समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली बांधायला घेतली. त्यांनी फाईलची व्याख्या फार साधी ठेवली. फाईल म्हणजे बाइटांची सलग ओळ, बस्स. आत हिशेब आहे, चित्र आहे की पत्र, याच्याशी प्रणालीला देणंघेणं नाही. पुढं रिचींनी सी ही भाषा केली आणि माइक लेस्क यांनी तिच्यासाठी वाचन-लेखनाची तयार कार्यं लिहिली. त्यातूनच सीचं प्रमाण ग्रंथालय घडलं. उघडा, वाचा, लिहा, बंद करा. ही चार क्रियापदं आज जवळजवळ प्रत्येक भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात सापडतात, १९९१ साली आलेल्या पायथनमध्येही.

आता प्रश्न असा, की बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. मग आकड्याचं अक्षर कुणी केलं? इथं आम्हाला आमचा जुना विषय आठवतो. मीमांसक म्हणतात, शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, तो कुणी केलेला नाही. नैयायिक म्हणतात, तो सामयिक आहे, म्हणजे ठरलेल्या संकेतावर उभा आहे. मीमांसकांच्या बाजूनं आम्ही वर्गात पुष्कळ वेळा भांडलो. पण फायलीच्या बाबतीत नैयायिकांचाच विजय आहे, हे कबूल करायला हवं. बाइटाला स्वतःचा अर्थ नाही. संकेत हरवला की अर्थही गेला.

मराठीपुरता हा संकेत ठरवायचे प्रयत्न झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं इस्की हा संकेत प्रमाण केला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या रूपावर बेतलेली होती. पण छपाईच्या दुकानांत चालणारे कित्येक फाँट वेगळ्याच वाटेनं गेले. रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा आकार बसवायचा, की झालं काम! कागदावर सुबक मराठी उमटायची, पण फायलीत रोमनच असायचं. आमच्या फायली त्यातल्याच. तो फाँट गेला, बनवणारेही दिसेनासे झाले आणि संकेत त्यांच्याबरोबर गेला.

हे पहिल्यांदाच घडलं असं नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल आहेत. कागद टिकला, शाई टिकली, पण मोडी वाचणारे कमी झाले. रियासतकार सरदेसायांनी १९३०च्या दशकात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, म्हणून तेवढं तरी आपल्या डोळ्यांपुढं आलं. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली.

आमच्या फायलींसाठी एक विद्यार्थी धावून आला. जुन्या छापील पानांशी ताडून त्यानं कोष्टक केलं. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर. मग पायथनचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. नुसतं कोष्टक मात्र पुरलं नाही. जुन्या फाँटात ‘पिता’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘प’ नंतर साठवलेला. युनिकोडमध्ये आधी ‘प’, मग वेलांटी. तेव्हा क्रमही फिरवावा लागला. लिहिताना त्यानं संकेत स्पष्ट सांगितला, यूटीएफ-८. हा संकेत थॉम्पसन यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, जेवणाच्या टेबलावरच्या कागदावर मांडला. त्यात ‘इस्लामपूर’ या नावाला नऊ चिन्हं आणि २७ बाइट लागतात. विंडोजवर पायथनला संकेत सांगितला नाही, तर आजवरच्या बहुतेक आवृत्त्या यंत्राचा स्थानिक संकेत गृहीत धरतात आणि पुन्हा चिवडा होतो. म्हणून मुलांनो, फाईल उघडताना संकेत नेहमी लिहा. गृहीत धरू नका.

दहा फायली सुटल्या. अकरावी आमच्या उतावळेपणानं गेली. आम्हीच म्हटलं, “दोन दोन फायली कशाला? त्याच नावानं लिही.” मुलगा संकोचला, पण गुरुजींना नाही कसं म्हणणार? मजकूर वाचून होण्याआधीच ती लिहिण्यासाठी उघडली गेली. लेखनासाठी उघडलेली फाईल तत्क्षणी रिकामी होते, धूळपाटीवरून हात फिरवावा तशी. शेवटी जोडण्यासाठी उघडण्याची रीत वेगळी आहे. फाईल आधीपासून असेल तर उघडायलाच नकार देणारी तिसरी रीतही पायथनमध्ये आहे. त्या दिवशी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. त्या फायलीची दुसरी प्रत नव्हती. तिच्यात एका आजींच्या आठवणी होत्या. भूमिगतांना भाकरी पोचवताना त्या कुठल्या वाटेनं जात, कुठल्या विहिरीपाशी थांबत, हे त्यांनी सांगितलं होतं. आजी आता नाहीत. आम्हाला विहीर आठवते, वाट आठवत नाही.

आणखी एक सांगतो. ‘लिहा’ म्हटल्याबरोबर मजकूर तबकडीवर जात नाही. तो आधी स्मृतीतल्या साठ्यात थांबतो, कच्च्या खर्ड्यासारखा. फाईल बंद केली की तो प्रणालीच्या हवाली होतो आणि प्रणाली आपल्या सवडीनं पक्क्या वहीत उतरवते. मधेच लाइट गेली, तर खर्डा गेला. लोडशेडिंग सोसलेल्या आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. पायथनमध्ये २००६ पासून ‘विथ’ ही रचना आहे. काम संपलं, मधेच चूक झाली, तरी ती फाईल आपणहून बंद करते. कारकून वही उघडी टाकून उठत नसे, तीच ही शिस्त.

तर हमी कोण देतं, या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. यंत्र देत नाही, कागदही देत नाही. ते फक्त आकडे किंवा शाई जपतात. अर्थ जपतो तो संकेत आणि संकेत जपतात माणसं. तो एकानं लिहून ठेवायचा आणि दुसऱ्यानं शिकून घ्यायचा. तुमच्या घरी जुन्या फाँटातल्या फायली असतील, तर आधी प्रत काढा. मूळ प्रतीला हात लावू नका. बदललेलं नव्या नावानं लिहा. आणि ज्यांच्या आठवणी अजून कुठल्याच फायलीत नाहीत, त्यांच्याकडं या आठवड्यातच जाऊन बसा.

इथंच थांबतो.