केवळ दोन वादक : आल्पहॉर्न कसे वाचले? (थ्रेड)

१/१२
१७ ऑगस्ट १८०५. स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनजवळ, उनश्पुनेन किल्ल्याच्या भग्नावशेषांपाशी गुराख्यांचा मोठा उत्सव भरला होता. कुस्ती, अवजड दगड फेकण्याची चढाओढ आणि आल्पहॉर्नवादनाची स्पर्धा. या स्पर्धेला वादक आले अवघे दोन. आज जे वाद्य स्विस परंपरेचे प्रतीक मानले जाते, ते तेव्हा लोप पावत चालले होते.

२/१२
आल्पहॉर्न म्हणजे साधारण साडेतीन मीटर लांबीचे लाकडी शिंग. डोंगरउतारावरील स्प्रूस वृक्षाचा बुंधा तळाशी वाकून मग सरळ वर वाढतो. असा बुंधा उभा चिरायचा, दोन्ही फाळ्या आतून कोरायच्या, पुन्हा जुळवायच्या आणि वरून साल किंवा वेत गुंडाळायचा, ही जुनी रीत. शिंगाचे वळण वृक्षानेच दिलेले असे.

३/१२
या वाद्याच्या लेखी खुणा सोळाव्या शतकापर्यंत मागे जातात. सेंट उर्बान मठाच्या १५२७ च्या हिशेबवहीत, आल्पहॉर्न घेऊन आलेल्या वालिस प्रांतातील एका माणसाला दोन बात्सेन दिल्याची नोंद आहे. १५५५ मध्ये झुरिचचा निसर्गतज्ज्ञ कोनराड गेस्नर याने सुमारे अकरा फूट लांबीच्या अशा शिंगाचे वर्णन केले.

४/१२
गुराख्याच्या लेखी हे करमणुकीचे साधन नव्हते, कामाचे अवजार होते. उंच कुरणांत विखुरलेल्या गायींना दोहनाच्या वेळी बोलावणे, दूध काढताना त्यांना शांत ठेवणे, दरीपलीकडच्या माणसांना साद घालणे, ही त्याची कामे. सायंकाळी प्रार्थनेच्या वेळीही ते वाजवले जाई.

५/१२
हिवाळ्यात कुरणे बर्फाखाली जात आणि पोटाचा प्रश्न उभा राही. मग गुराखी वाद्य घेऊन शहरांत उतरत. दारोदार वाजवून चार नाणी मिळवणाऱ्या अशा गुराख्यांचा उल्लेख जर्मन संगीतशास्त्रज्ञ मिखाएल प्रेटोरियस याने १६१९ मध्ये केला आहे. नागर समाजाच्या दृष्टीने आल्पहॉर्न हे याचकाचे वाद्य होते.

६/१२
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चीज बनवण्याचे काम डोंगरावरील झोपड्यांतून खालच्या गावांतील दुग्धालयांत सरकू लागले. कुरणावरील जीवनक्रम बदलला, तशी शिंगाची गरजही ओसरली. अवजाराचे काम संपले की त्याची विद्याही विस्मरणात जाते.

७/१२
याच काळात सुशिक्षित युरोपच्या मनात मात्र आल्प्सच्या सुरांना वलय प्राप्त होत होते. परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांच्या व्याकूळ घरओढीला योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. गुराख्यांची धून ऐकून हे सैनिक रडत, पळून जात, म्हणून ती वाजवण्यास बंदी होती, असे रूसोने १७६८ च्या आपल्या संगीतकोशात लिहिले.

८/१२
उनश्पुनेनच्या उत्सवामागे राजकारणही होते. १७९८ च्या फ्रेंच आक्रमणानंतर ओबरलांड हा डोंगरी प्रदेश बर्नपासून वेगळा झाला आणि १८०३ मध्ये पुन्हा बर्नच्या अधिपत्याखाली आला. मने दुखावलेली होती. शहर आणि डोंगर यांचा सलोखा व्हावा, या हेतूने बर्नचे प्रशासनप्रमुख निक्लाउस फ्रीडरिख फॉन म्युलिनेन आणि इतर प्रतिष्ठितांनी हा सोहळा योजला होता.

९/१२
पण उत्सवाने वादक निर्माण होत नाहीत. ते घडवावे लागतात. १८२० च्या दशकात म्युलिनेन यांनी आल्पहॉर्न तयार करवून घेतली आणि ग्रिंडेलवाल्ड येथे फेर्डिनांड फ्युर्श्टेगोट हूबर या संगीतकाराकरवी तरुणांना शिकवण्याची व्यवस्था केली. पूर्वी ऐकत, अनुकरण करत आत्मसात होणारी विद्या आता वर्गात शिकवली जाऊ लागली.

१०/१२
शिकणे सोपे नव्हते. या वाद्याला आपल्या तुतारीप्रमाणेच बोटांसाठी छिद्रे नाहीत. ओठांचा ताण आणि श्वासाचा दाब एवढ्यावरच सारे स्वर काढायचे. खालचे स्वर एकमेकांपासून दूर असतात, वरचे मात्र दाटीवाटीने येतात. ओठ किंचित ढळला की शेजारचाच स्वर निघतो. म्हणून स्वर आधी मनात ऐकू यावा लागतो, मग तो शिंगातून येतो.

११/१२
नैसर्गिक स्वरमालिकेतील अकरावा स्वर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध पडतो. पियानोच्या कानाला तो बेसूर वाटतो, पण ‘आल्पहॉर्न-फा’ हीच या वाद्याची ओळख. संगीतकार ब्राह्म्सनेही १८६८ मध्ये आल्प्समधून क्लारा शूमानला आल्पहॉर्नची एक धून लिहून पाठवली. १८७६ मध्ये प्रथम सादर झालेल्या त्याच्या पहिल्या सिंफनीच्या अखेरच्या भागात तीच धून हॉर्नवर उमटते.

१२/१२
१९१० मध्ये स्विस योडेल गायकांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. पुढे आल्पहॉर्नवादकही त्याच्या छत्राखाली आले. एकट्या गुराख्याचे वाद्य आता समूहाने, अनेक स्वरांच्या मेळात वाजते. मग ही परंपरा कृत्रिम म्हणायची का? शासनकर्त्यांचा हेतू राजकीय होता, हे खरे. पण ग्रिंडेलवाल्डच्या त्या तरुणांना प्रत्येक स्वर स्वतःच्याच श्वासाने मिळवावा लागला, हेही तितकेच खरे. परंपरा वारशाने मिळते, असे आपण सहज म्हणतो. आल्पहॉर्नचा इतिहास सांगतो की ती कोणीतरी शिकवली आणि कोणीतरी शिकले, म्हणूनच टिकली.