खुतबा, सिक्का आणि जाहीरनामा

इस्लामी इतिहास वाचणाऱ्याला खुतबा आणि सिक्का ही जोडी ठाऊक असते. राज्य कुणाचे, हे ओळखायचे तर जुम्म्याच्या खुतब्यात कुणाचे नाव घेतले जाते आणि नाण्यावर कुणाचे नाव आहे, एवढे पाहिले की पुरे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पहिल्या काही वर्षांचा इतिहास वाचताना आम्हाला ही जोडी वारंवार आठवली.

इंग्रजी अमलात तिथल्या गव्हर्नरचा जाहीरनामा 'ईश्वर राजाचे रक्षण करो' या ओळीने संपत असे. लढाई पेटली आणि 1776 च्या जानेवारीत निघालेल्या जाहीरनाम्यात राजाच्या जागी 'लोक' आले. पुढे त्या जागी 'मॅसॅच्युसेट्सचे कॉमनवेल्थ' आले. कॉमनवेल्थ म्हणजे सर्वांच्या भल्याचे राज्य. हे कागद छापून गावोगाव जात आणि धर्मोपदेशक ते चर्चमधून वाचून दाखवत. वसंतात उपवासाचा दिवस, शरदात आभाराचा दिवस, दोन्ही गव्हर्नर जाहीर करी. सरकारी हुकमाने रोजा, असे म्हणायला हरकत नाही! 1787 मध्ये राज्याने स्वतःची तांब्याची नाणीही पाडली. खुतबाही बदलला, सिक्काही बदलला.

राज्यघटना 1780 ची. मसुदा मुख्यतः जॉन ॲडम्स यांचा आणि मंजुरी गावोगावच्या सभांची. पहिल्याच कलमात म्हटले होते, सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. पण मत द्यायला साठ पौंडांची मालमत्ता किंवा वर्षाला तीन पौंड उत्पन्नाची जमीन हवी. गव्हर्नर व्हायला हजार पौंडांची जमीन हवी, शिवाय आपण ख्रिस्ती असल्याचे जाहीर करायला हवे. ही दुसरी अट 1821 पर्यंत टिकली. तिकडे व्हर्जिनियाने मात्र 1786 च्या जानेवारीत धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. त्याचे कर्ते जेफरसन यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले की, या कायद्याच्या छत्राखाली ज्यू, हिंदू आणि मुसलमानही येतात. लढाई एकच, पण कायदे असे वेगळे.

1783 मध्ये तह झाला आणि हिशेबाची वेळ आली. सैनिकांना पगारापोटी कागदी रोखे मिळाले होते. त्यांची किंमत इतकी घसरली की, गरजेपोटी त्यांनी ते मिळेल त्या भावाला विकले. रोखे व्यापाऱ्यांच्या हाती गेले आणि ते फेडण्यासाठी सरकारने कर बसवला. तो रोख नाण्यात मागितला जाई आणि पश्चिमेकडच्या शेतकऱ्याजवळ नाणे नव्हते. कोर्टाचे हुकूम निघू लागले, गुरे आणि जमिनी जाऊ लागल्या, कर्जापायी माणसे तुरुंगात पडू लागली. लढाईत कॅप्टन राहिलेला डॅनियल शेज याच लोकांतला. सेनापती लाफायेतने भेट दिलेली तलवारही त्याने विकली होती.

29 ऑगस्ट 1786 रोजी नॉर्दॅम्प्टन येथे सुमारे पंधराशे माणसांनी कोर्ट भरू दिले नाही. चौथ्या दिवशी, 2 सप्टेंबरला, गव्हर्नर जेम्स बोडन यांचा जाहीरनामा निघाला. अशा दंग्यांनी कायदा बुडेल, अराजक येईल आणि शेवटी हुकूमशाही येईल, असा त्याचा आशय. दहा वर्षांपूर्वी राजाचे गव्हर्नर याहून वेगळे काय बोलत होते? तिजोरीत पैसा नसल्याने फौजेचा खर्च बॉस्टनच्या धनिकांनी उचलला. 25 जानेवारी 1787 रोजी स्प्रिंगफिल्डच्या शस्त्रागारासमोर तोफा डागल्या गेल्या आणि चार बंडखोर मेले. फेब्रुवारीत शेजला पकडून देणाऱ्यास दीडशे पौंडांचे इनाम जाहीर झाले. बंडवाल्यांचा मताचा हक्क तीन वर्षांसाठी गेला. शाळा चालवायची नाही, खाणावळ चालवायची नाही, अशीही बंदी आली. एप्रिलच्या निवडणुकीत मात्र लोकांनी बोडन यांना घरी बसवले. 1788 मध्ये शेजला माफी मिळाली.

या गदारोळात एक पत्र आम्हाला अडवते. प्रिन्स हॉल हे बॉस्टनचे चामड्याचे कारागीर आणि काळ्या लोकांचे पुढारी. 26 नोव्हेंबर 1786 रोजी त्यांनी बोडन यांना लिहिले की, आम्ही सरकारशी एकनिष्ठ आहोत, बंड मोडायला आमची माणसे घ्या. सरकारने ती घेतली नाहीत. हे पत्र आमच्या वाचकांना परके वाटणार नाही. गावात काही बिनसले की निष्ठेचे पत्रक आधी आपण काढायचे, ही रीत आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. पुढल्याच जानेवारीत हॉल आणि इतर 73 जणांनी विधिमंडळाला अर्ज केला, आम्हाला आफ्रिकेत परत जायला मदत करा. पाच-सहा आठवड्यांत निष्ठेपासून निरोपापर्यंत! ऑक्टोबरात तिसरा कागद आला, आम्ही कर भरतो, तर आमच्या मुलांना शाळा द्या. ती मागणीही मानली गेली नाही.

गुलामगिरी मात्र त्या पहिल्या कलमाच्या आधारे कोर्टात हरली होती. क्वॉक वॉकर या गुलामाच्या खटल्यात 1783 मध्ये सरन्यायाधीश कुशिंग यांनी तसे मत दिले. 1790 च्या जनगणनेत राज्यात एकही गुलाम नोंदला गेला नाही. 1788 च्या मार्चमध्ये गुलामांच्या व्यापारालाही बंदी आली. पण त्याच महिन्यात भटक्यांविरुद्धचा एक कायदा झाला. दुसऱ्या राज्याच्या नागरिकत्वाचा दाखला नसलेल्या काळ्या माणसाने इथे दोन महिन्यांपेक्षा अधिक राहू नये, राहिल्यास फटके. यातून सूट आणखी एकाच गटाला होती, ती मोरोक्कोच्या बादशहाच्या प्रजेला. मोरोक्कोशी 1786 मध्ये तह झाला होता ना! त्या माणसामागे एक मुस्लिम सुलतान उभा होता. बाकीच्यांमागे फक्त घटनेचे पहिले कलम होते. 1800 च्या सप्टेंबरात बॉस्टनच्या वर्तमानपत्रात एक सरकारी सूचना छापून आली. तीत शहर सोडून जाण्यास सांगितलेल्या काळ्या माणसांची नावे एकेक करून दिली होती.