मार्कंडा : पडलेले शिखर आणि महामंडप

मार्कंडा (मार्कंडादेव). गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या डाव्या तीरावर असलेला मध्ययुगीन मंदिरसमूह. शैली नागर, काळ साधारणपणे नववे ते बारावे शतक मानतात. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा येथे वळण घेऊन काही अंतर उत्तरवाहिनी होते, म्हणून हे स्थान तीर्थ ठरले. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते आणि भाविक या जागेला विदर्भाची काशी म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्य देवळाच्या, म्हणजे मार्कंडेश्वराच्या, नष्ट झालेल्या भागापुरती आहे : मूळ शिखराचा वरचा भाग आणि त्याखाली सापडलेले महामंडपाचे छत.

अलेक्झांडर कनिंगहॅम 1873-74 च्या दौऱ्यात येथे आला. त्याचे वर्णन पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अहवालमालेच्या नवव्या खंडात (1879) आहे. सुमारे 196 फूट लांब आणि 118 फूट रुंद आवारात त्याला लहानमोठी वीसएक देवळे दिसली. त्यांच्या शिल्पांना त्याने खजुराहोच्या तोडीचे मानले. त्याच्याही आधी, 1869 मध्ये, चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिणाऱ्या मेजर ल्यूसी-स्मिथने या देवळांची दखल घेतली होती. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी झाला. त्यामुळे जुन्या कागदांत मार्कंडा शोधायचे तर ते 'चांदा' या नावाखालीच शोधावे लागते.

मूळ रचना अशी होती. पूर्वाभिमुख गाभारा, त्यापुढे अंतराळ, मग महामंडप, आणि गाभाऱ्यावर उंच चढत गेलेले शिखर. बाहेरच्या भिंतींवर एकावर एक तीन रांगांत मूर्ती आहेत : शिव, पार्वती, सुरसुंदरी, मिथुने आणि त्यांच्या मधून व्याल व हत्ती. माणसांच्या आकृतीच चारशेच्या वर भरतात. बांधकाम चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून केलेले आहे. अशा देवळात भार पेलतात ते खांब आणि त्यांवर आडव्या टाकलेल्या तुळया. छत कमानीने पेललेले नसते. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत पोकळी मिटवलेली असते, आणि वरच्या दगडांचे वजनच खालच्यांना जागी धरून ठेवते. सरळ खाली येणारा भार ही रचना शतकानुशतके पेलते. आडवा धक्का किंवा वरून अचानक आदळलेला दगड मात्र तिला सोसत नाही. एक तुळई तुटली की तिच्यावर टेकलेले सगळे खाली येते.

येथे नेमके तेच झाले. शिखरावर वीज पडली आणि वरचा भाग महामंडपावर कोसळून छत फुटले. विजेच्या तडाख्यात सांध्यांत मुरलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि दगड आतून उकलतात. आसपासच्या सपाट मुलखात सर्वांत उंच उठलेल्या या शिखराला तो धोका कायमचाच होता.

वीज कधी पडली, याबद्दल मतभेद आहेत. 1777 हे साल अनेक ठिकाणी दिले जाते. ते स्वीकारणे अवघड आहे. कनिंगहॅमच्या अहवालाप्रमाणे वीज त्याच्या काळाच्या सुमारे दोनशे वर्षे आधी पडली, आणि ढिगारा उपसून दुरुस्ती सुमारे 120 वर्षांपूर्वी एका गोंड राजपुरुषाने केली. चांद्याचे गोंड राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. दुरुस्ती गोंडांची असेल, तर अपघात त्या सालाच्या आधीचाच मानावा लागतो. 1777 साल धरले, तर परंपरेने सांगितलेला दुरुस्तीकर्ताच हातचा जातो.

ही दुरुस्ती डोळ्यांत भरते. कोरीव खांबांच्या मध्ये जाडजूड, ओबडधोबड खांब उभे केले आणि कमानींचे टेकू देऊन उरलेले छत सावरले. कमान हे मूळ देवळाच्या कारागिरांचे साधन नव्हते. गोंडांच्या गवंड्यांचे होते. चांद्याच्या कोटाचे जटपुरा आणि पठाणपुरा हे दरवाजे पाहिलेल्याला तो हात ओळखू येतो. जुन्या वर्णनांत या कामाला बेढब म्हटले आहे. तो निकाल अन्यायाचा आहे. नक्षीशी मेळ बसत नाही हे खरेच. पण देऊळ पूजेत राहिले आणि भिंतींवरच्या मूर्ती आजपर्यंत उभ्या राहिल्या, त्याचे श्रेय याच टेकूंना आहे.

पडझडीची तऱ्हा प्रत्येक ठिकाणी निराळी असते. उत्तर जर्मनीतील विस्मार येथील सेंट मेरीचे चर्च हे विटांच्या गॉथिक बांधणीचे. दुसऱ्या महायुद्धात त्यावर बाँब पडले आणि 1960 मध्ये त्याचे दालन सुरुंगाने उडवले गेले. मनोरा तेवढा राहिला. मार्कंड्यात उंच भागच दालनावर आला आणि दोन्ही एकदम गेले.

या देवळांना सरसकट 'हेमाडपंती' म्हणण्याची रीत आहे. हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात होता. ही देवळे त्याच्या आधीची आहेत. चुन्याशिवाय रचलेले प्रत्येक जुने देऊळ त्याच्या नावावर घालणे बरोबर नाही.

अलीकडच्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मुख्य मंदिराचे दगड उतरवून ते पुन्हा रचण्याचे काम हाती घेतले, आणि ते बराच काळ रेंगाळले. अशा कामात प्रत्येक दगडाची जागा आधी कागदावर पक्की करावी लागते, कारण चुना नसल्याने तासणी आणि वजन यांवरच सगळे अवलंबून असते. दोन दगडांची अदलाबदल झाली तरी वरचा थर बसत नाही. मूळ रूप परत आणण्याच्या ओढीने गोंडकालीन खांब व कमानी काढून टाकल्या जाऊ नयेत. त्या अपघाताचा आणि त्यानंतर देऊळ वाचवणाऱ्यांचा तेवढाच पुरावा जागेवर आहे.