वेताळाचे दोन प्रश्न

मुकुंदराज नेमके कुठले, हा मराठी वाङ्मयेतिहासातला जुना आणि अद्याप न मिटलेला वाद आहे. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला त्यांची समाधी आहे. तर वैनगंगेकाठचे अंभोरे हीच 'विवेकसिंधू'ची जन्मभूमी, असे विदर्भातील अभ्यासकांनी हिरिरीने मांडले आहे. ग्रंथाशी ज्याचे नाव जोडले जाते तो जैत्रपाळ देवगिरीच्या यादवांपैकी की खेरळ्याचा, यावर या वादाची बरीच भिस्त आहे. शके १११० म्हणजे इ.स. ११८८ हे परंपरेने मानलेले रचनावर्ष स्वीकारले तर मुकुंदराज 'ज्ञानेश्वरी'च्या (१२९०) शंभर वर्षे आधीचे, म्हणून आद्यकवी ठरतात. न स्वीकारले तर ते पद हातचे जाते. ज्ञानेश्वरांच्या बाबतीतही असेच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी 'सुधारक'मधून 'ज्ञानेश्वरी'कार वेगळे आणि अभंगकार वेगळे असा पक्ष मांडला, आणि तोही 'भारद्वाज' या टोपणनावाने. दुसऱ्याची ओळख तपासायला निघालेल्याने स्वतः मुखवटा घालावा, ही गंमत त्या वादाच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही.

या वादांतून तपशिलाचा पसारा बाजूला केला की दोनच प्रश्न उरतात. हा खरा कोण? आणि याचे श्रेष्ठत्व कशात? नेमक्या याच दोन प्रश्नांवर १९६४ नंतरच्या पाव शतकात मराठी मुलांच्या किमान दोन पिढ्या तावातावाने भांडल्या. वेताळ मोठा की मँड्रेक, सुपरमॅनपुढे वेताळाचा निभाव लागेल का, ज्याच्याजवळ कोणतीही अतिमानुष शक्ती नाही त्याला सुपरहीरो म्हणावे का, आणि मुळात मुखवट्यामागचा वेताळ आहे तरी कोण. पहिल्या प्रकारच्या वादाला संशोधन म्हणतात, दुसऱ्याला पोरखेळ. पुराव्यांची शिस्त पाहता हा भेद अनाठायी नाही. पण प्रश्नांची जात एकच आहे, आणि मराठी समीक्षेने दुसऱ्या वादाकडे पाठ फिरवल्यामुळे सामान्य वाचक नायकाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करतो, हे जाणून घेण्याची एक मोठी संधी तिने घालवली आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. ली फॉक या अमेरिकन लेखकाने मँड्रेक १९३४ साली आणि फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रीय चित्रमालिकेच्या रूपात आणला. सुपरमॅन १९३८चा, बॅटमॅन १९३९चा. अंगाला घट्ट बसणारा वेश आणि मुखवटा ही सुपरहीरोची खूण मानली तर फँटम या सगळ्यांचा थोरला भाऊ ठरतो. अलौकिक शक्ती ही खूण मानली तर तो या कुळातलाच नव्हे. भारतात तो चाळीसच्या दशकात 'इलस्ट्रेटेड वीकली'तून इंग्रजी वाचणाऱ्या घरांत पोचला होता. मार्च १९६४मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले, आणि त्याच्या भारतीय भाषांतील आवृत्त्यांमुळे तो इंग्रजीच्या उंबऱ्याबाहेर आला. मराठीत येताना त्याचे नाव झाले वेताळ.

या नामांतराकडे केवळ भाषांतरकाराची सोय म्हणून पाहणे अपुरे आहे. मूळ नायकाचे बिरुद 'चालते भूत' अशा अर्थाचे. महाराष्ट्राच्या लोकश्रद्धेत भुतांचा अधिपती असलेला, रात्री गावाची राखण करीत फिरणारा, शिवेवर किंवा टेकडीवर शेंदराच्या दगडातून वसणारा वेताळ आधीपासून होताच. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण रात्रीच्या फेऱ्यांत त्याच्या वहाणा झिजतात अशी समजूत आहे. 'चालते भूत' मराठीत आले ते असे एका तयार पायताणात पाय घालून. त्यामुळे एक गोष्ट मात्र झाकली गेली. आदिवासींवर पिढ्यान्‌पिढ्या धाक बसवणारा गोरा पुरुष हा मूळ कल्पनेतला वसाहतवादी गाभा देशी देवाच्या नावाखाली दिसेनासा झाला. मूळ मालिकेतला, आरंभी भारताच्या आसपास कल्पिलेला बेंगाला हा प्रदेश भारतीय आवृत्त्यांत 'डेंकाली' झाला. सिंग नावाचे समुद्री चाचे 'सिंगा' झाले. एका खलनायकाचे 'रामा' हे नाव 'रामालू' झाले. नायकाला भारतीय नाव मिळाले आणि खलनायकांची भारतीय नावे पुसली गेली. भारतीय प्रकाशकाला याखेरीज दुसरे काय करता आले असते, हा प्रश्न रास्तच आहे. पण 'खरा कोण' असे विचारणाऱ्या वाचकाच्या हाती आधीच खाडाखोड केलेली कागदपत्रे पडली होती, हे ध्यानात ठेवावे लागते.

मराठी वाचकाला वेताळ लोकदैवतातून माहीत होता, तसा कथेतूनही. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० सालची, म्हणजे मुद्रित मराठी गद्याच्या अगदी बाल्यातली. मूळ कथाचक्राचा एक विस्तृत पाठ अकराव्या शतकातील काश्मिरी कवी सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहे. ते मूळ 'बृहत्कथे'त होते की मागाहून शिरले, याविषयी मतभेद आहेत. पण सोमदेवाने कथेचा राजा त्रिविक्रमसेन बसवला आहे तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे पैठणला. पैठणहून गोदावरी पुढे उतरते ती बीड जिल्ह्याची उत्तर सीमा आखत, गेवराई आणि माजलगाव तालुक्यांना शिवून. नायकांचे गुण आणि त्यांची ओळख यांवरचा वाद हीच जिची रचना आहे अशी भारतीय कथापरंपरेतली एक प्रमुख कृती या परिसराला आपली भूमी मानते.

रचना सर्वपरिचित आहे. राजा शिंशपावृक्षावरचे प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल, आणि बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. निवाडा टाळता येत नाही आणि निवाडा केला की काम बिघडते. समीक्षकाच्या अवस्थेचे याहून नेमके रूपक शोधावे लागणार नाही.

प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. पहिला प्रकार श्रेष्ठत्वाचा. शूद्रक राजाचा सेवक वीरवर राजाचे आयुष्य वाचावे म्हणून देवीपुढे आपल्या मुलाचा बळी देतो आणि शेवटी स्वतःचेही मस्तक अर्पण करतो. लपून पाहणारा राजा हे पाहून स्वतःचा शिरच्छेद करू लागतो, तेव्हा देवी प्रसन्न होऊन सर्वांना जिवंत करते. दुसऱ्या दिवशी वीरवर घडल्यातले काहीच सांगत नाही. रडणारी बाई मला पाहून नाहीशी झाली, एवढेच म्हणतो. यांत अधिक सत्त्वशील कोण? त्रिविक्रमसेन उत्तरतो, शूद्रक. सेवकाने स्वामीसाठी प्राण द्यावेत हे त्याचे कर्तव्यच. सेवकासाठी प्राण द्यायला राजा बांधलेला नव्हता. दुसऱ्या एका कथेत दिलेल्या शब्दासाठी रात्री निघालेल्या नववधूला पती जाऊ देतो, चोर जाऊ देतो, ज्याला शब्द दिला तो प्रियकरही परत पाठवतो. थोर कोण? चोर. इतरांना कुळाची चाड होती, राजाचे भय होते. अंधारात, साक्षीदार नसताना दागिन्यांसह तिला सोडणाऱ्याला कोणतेच बंधन नव्हते.

या दोन निवाड्यांत नायकत्वाचा एक पूर्ण विचार आहे. पराक्रम किती मोठा, यावर श्रेष्ठत्व ठरत नाही. कर्तव्य, भय आणि लौकिक वजा करून जे उरते त्यावर ठरते. हा निकष कॉमिक्सच्या वादाला लावला तर निष्कर्ष अनपेक्षित येतात. ज्याला गोळी लागत नाही तो सुपरमॅन गोळीसमोर उभा राहतो, त्यात वजाबाकीनंतर फारसे काही उरत नाही. वेताळाला गोळी लागते, तो मरतो. तो अमर असल्याची समजूत हा त्याच्या घराण्याने जपलेला बनाव आहे. एकामागून एक एकवीस पुरुषांनी तोच मुखवटा चढवलेला आहे. म्हणून तो श्रेष्ठ, असे म्हणणाऱ्या मुलाच्या बाजूने त्रिविक्रमसेनच उभा राहिला असता. पण तोच निकष पुढे नेला की वेताळही अडचणीत येतो. १५३६ साली पहिल्या वेताळाने बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि पुढच्या प्रत्येक पुत्राला ती वारशाने मिळाली. एकविसावा वेताळ जे करतो ते कुळधर्म म्हणून करतो. त्याची जागा शूद्रकाची नव्हे, वीरवराच्या मुलाची आहे.

दुसरा प्रकार ओळखीचा. नवरा आणि भाऊ यांची शिरे अदलाबदलीने जोडली गेली. आता मदनसुंदरीचा पती कोणता? राजा म्हणतो, ज्याच्या धडावर पतीचे शिर तो, कारण सर्व अंगांत शिर प्रधान. या कथेवर थॉमस मानने १९४० साली कादंबरिका लिहिली आणि गिरीश कर्नाडांचे 'हयवदन' (१९७१) याच कोड्याभोवती फिरते. दोघांनाही राजाचे उत्तर पटलेले नाही, हे विशेष. मंदारवतीच्या तीन वरांच्या कथेत मात्र राजाने कृतीवरून नाते ठरवले आहे: तिला मंत्राने जिवंत करणारा तो पिता, अस्थी गंगेला नेणारा तो पुत्र, आणि तिच्या राखेवर निजून राहिलेला तोच पती. ओळख देहावरून की कृतीवरून, याबाबत पंचविशीत एकवाक्यता नाही.

आपल्याकडे हा दुसरा प्रश्न निरागस कधीच नव्हता. महाभारतातील रंगभूमीच्या प्रसंगी कर्ण आपले कौशल्य दाखवतो, अर्जुनाला आव्हान देतो, आणि कृपाचार्य त्याला माता, पिता आणि कुळ विचारतात. श्रेष्ठत्वाचा प्रश्न सुटण्याच्या बेतात असताना ओळखीचा प्रश्न मध्ये घातला जातो, आणि ओळख म्हणजे जन्म. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आणि शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही दोन्ही १९६७ची. कर्णाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी इतकी भिन्न आहे की कर्ण मोठा की अर्जुन हा घरोघरचा वाद पुढे या दोन पुस्तकांच्या आधाराने लढवता आला. इंद्रजालचे अंक त्याच वर्षांत त्याच घरांत येत होते. गुप्त ओळखीचा नायक मराठी वाचकाला प्रिय का, याचे एक उत्तर येथे सापडते. मुखवटा घातलेल्याला कोणी कुळ विचारू शकत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या (चंद्रकांत सखाराम चव्हाण यांच्या) 'काळा पहाड'ने हे सुख आधीच चाखवले होते. वेताळाची शोकांतिका एवढीच की मुखवटा काढल्यावर आत पुन्हा वंशावळच निघते.

१९७६मध्ये इंद्रजालने आबिद सुरती यांचा 'बहादूर' आणला. भगवा कुर्ता, जीनची विजार, मुखवटा नाही, शक्ती नाही, शपथ नाही. चकमकीत मारल्या गेलेल्या डाकूचा हा मुलगा. बापाचा सूड घेण्याच्या वाटेवरून परतून डाकूंविरुद्ध गावकऱ्यांचे दल उभे करणारा. त्याचे कुळ सर्वांना ठाऊक आहे आणि ते त्याच्या विरोधात आहे. कृपाचार्यांच्या प्रश्नाला उत्तर देऊनही रंगभूमीवर टिकून राहिलेला नायक, असे त्याचे वर्णन करता येईल. त्रिविक्रमसेनाच्या निकषावर तो वेताळाच्या वर बसतो. तरीही 'इंद्रजाल' १९९०मध्ये बंद झाले त्यानंतर आठवणींत घोळत राहिला तो प्रामुख्याने वेताळ. बहादूरविषयी वाद घालायला वाचकाजवळ पहिला प्रश्न होता, दुसरा नव्हता. आणि एका प्रश्नावर आख्यायिका चालत नसावी. मुकुंदराजांचे गाव निर्विवाद ठरले असते तर 'विवेकसिंधू'वर आज लिहिले जाते तेवढे तरी लिहिले गेले असते का, अशी शंका येते.

पंचविशीच्या चोविसाव्या कथेत बाप एका मुलीशी लग्न करतो आणि त्याचा मुलगा तिच्या आईशी. त्यांना झालेल्या मुलांचे परस्परांशी नाते काय? जन्मावरून ओळख ठरवण्याची सगळी शब्दावली येथे तोकडी पडते. राजा पहिल्यांदाच गप्प राहतो, प्रेत खांद्यावरून हलत नाही, आणि प्रसन्न झालेला वेताळ त्याला सांगतो की ज्या भिक्षूसाठी तो हे ओझे वाहतो आहे, तो खरा कोण आहे.