परत केलेल्या फोनची गोष्ट

गेल्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला बसले होते. हप्ते जमा झाले, सह्या झाल्या आणि मग एका ताईंनी पदराआडून फोन काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "हा पडला नाही, भिजला नाही, काचेला चरा नाही. तरी दुकानदार म्हणतो जुना झाला, बदला. पातेलं जुनं झालं तर पोचा दिसतो, साडी जुनी झाली तर विरते. फोन जुना झाला हे कशावरून ओळखायचं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर मी त्यांना एका गोष्टीतून दिलं, तीच आज रेडिओवर सांगते. आपल्याच राज्यातल्या अंगणवाडी सेविकांची ही गोष्ट आहे. माझी धाकटी जाऊ सेविका आहे, त्यामुळे यातलं बरंचसं आमच्या ओसरीवरच घडलेलं मी पाहिलंय.

अंगणवाडी सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. तेव्हा सबंध देशात फक्त ३३ ठिकाणी ही एकात्मिक बालविकास योजना होती. पहिली चाळीसेक वर्षं सगळा कारभार कागदावर चालला. पुढे पुढे सेविकेकडे ११ रजिस्टरं झाली. कुटुंबाच्या नोंदीचं एक, आहाराच्या साठ्याचं दुसरं, वाटपाचं तिसरं. मग पूर्वशालेय शिक्षणाचं, गरोदरपण आणि बाळंतपणाचं, लसीकरणाचं, अ जीवनसत्त्वाच्या डोसाचं, गृहभेटींचं, दवाखान्यात पाठवलेल्यांचं, महिन्याच्या गोषवाऱ्याचं आणि वजनाचं. एकच बाळ चार-पाच रजिस्टरांत सापडायचं. महिना संपत आला की जाऊ रात्री दिव्याखाली आकडे जुळवत बसायची, आणि मी तिच्या वाटणीच्या भाकरी थापायची. कटकट होतीच. पण रजिस्टराचं एक होतं, मैत्रिणींनो. दहा वर्षांपूर्वीचं रजिस्टर आजही उघडतं. त्याला कुणी "आता हे चालणार नाही" असं म्हणत नाही.

८ मार्च २०१८ ला, महिलादिनी, राजस्थानात झुनझुनू इथे पोषण अभियान सुरू झालं. त्यात ठरलं की सेविकांच्या हातात स्मार्टफोन द्यायचा, आणि रजिस्टरांतलं सगळं एका अ‍ॅपमध्ये भरायचं. त्या अ‍ॅपला 'कॅस' म्हणायचे. महाराष्ट्रात २०१९ मध्ये लाखभर सेविकांना फोन मिळाले. आमच्याकडे फोन आला तेव्हा जाऊबाईंनी आधी त्याला हळदीकुंकू लावलं. हसू नका. घरात शिलाई मशीन आलं तेव्हाही आपण तेच केलं होतं.

खरं सांगायचं तर पहिलं वर्ष बरं गेलं. वजन टाकलं की बाळ हिरव्या रंगात आहे, पिवळ्यात की लाल, हे अ‍ॅप लगेच दाखवायचं. कोणाकडे भेटीला जायचं, कोणाची लस राहिली, याची आठवण द्यायचं. रेंज नसली तरी माहिती भरून ठेवता यायची आणि रेंजमध्ये आल्यावर ती पुढे जायची. डोंगराकडच्या वाड्यांना याचा फार आधार होता.

आता त्या फोनच्या आत काय होतं ते समजून घेऊ, कारण सगळी गोम तिथेच आहे. फोनमध्ये दोन प्रकारची जागा असते. एक म्हणजे कोठी. फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप हे सगळं तिथे साठवून राहतं. दुसरी म्हणजे ओटा. आत्ता या क्षणी जे काम चाललंय ते मांडून ठेवायची जागा. तिलाच रॅम म्हणतात. कोठी कितीही मोठी असली तरी ओटा एवढासा असेल, तर पोळपाट ठेवला की परात खाली उतरवावी लागते. फोन तेच करतो. एक काम घेतलं की दुसरं बंद करतो, आणि आपण म्हणतो, "बाई, अडकला बघ." सेविकांना मिळालेल्या फोनचा ओटा होता २ जीबीचा. २०१९ मध्ये साध्या कामाला तो कसाबसा पुरत होता.

ओट्याखेरीज तिसरी एक गोष्ट असते. सबंध घराचा कारभार बघणारी. तिला अँड्रॉइड म्हणतात. पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये बाजारात आला, आणि तेव्हापासून साधारण दरवर्षी अँड्रॉइडची नवी आवृत्ती निघते. आधी तिला गोड पदार्थांची नावं द्यायचे, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. कपकेक, डोनट, जेलीबीन. 'एम' अक्षराची पाळी २०१५ मध्ये आली. मोदक ठेवायला काय हरकत होती, पण त्यांनी मार्शमेलो ठेवलं. २०१९ पासून नावं सोडून नुसते आकडे झाले, अँड्रॉइड १०, ११, १२ असे. या आवृत्त्यांचा आपल्याला फायदाही झालाय, तो सांगायलाच हवा. जुन्या फोनवर मराठी मजकूर आला की चौकोन दिसायचे, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटायची, जोडाक्षरं फुटायची. २०१४ च्या अखेरीस अँड्रॉइड ५ आलं, त्यात फोनची सगळी भाषाच मराठी करायची सोय झाली. आज आपण फोन मराठीत वापरतो तो त्या बदलामुळे.

पण नवी आवृत्ती आपोआप प्रत्येक फोनला मिळत नाही. ज्या कंपनीनं फोन बनवला तिला ती आवृत्ती त्या त्या फोनसाठी बेतून द्यावी लागते. ब्लाउजाचं माप जसं प्रत्येकीचं वेगळं, तसंच. त्याला खर्च येतो. महागड्या फोनला कंपनी तो करते. गुगल आणि सॅमसंग यांनी २०२३-२४ पासून आपल्या वरच्या फोनांना सात वर्षं सुधारणा द्यायचं कबूल केलंय. स्वस्त फोनला मात्र एखाद-दोन वेळा दिलं की हात वर. इकडे अ‍ॅप बनवणारे पुढे पुढे जात राहतात. व्हॉट्सअ‍ॅपचंच बघा. २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर ते चालेनासं झालं. फोन तोच, त्याची काचही शाबूत, पण त्यावरचं अ‍ॅप त्याला सोडून पुढे गेलेलं. बैठकीतल्या ताईंना मी हेच सांगितलं. फोनचा पोचा बाहेरून दिसत नाही.

आता परत सेविकांकडे. १ मार्च २०२१ ला केंद्र सरकारनं कॅस बाजूला ठेवून 'पोषण ट्रॅकर' हे नवं अ‍ॅप आणलं. करोना अजून सरला नव्हता. अंगणवाड्या बंद, आहार घरोघर पोचवायचा, सर्वेक्षणं करायची, आणि त्यातच हे. जाऊबाईंनी बाळांची नावं, आयांची नावं, आधार क्रमांक पुन्हा पहिल्यापासून भरले. तेसुद्धा इंग्रजीत. आता आमची जाऊ दहावी शिकलेली. तिच्याबरोबरच्या कित्येक जुन्या सेविका सातवी-आठवीवाल्या. तीस-तीस वर्षं काम केलेल्या, गावातल्या प्रत्येक बाळाचं वजन तोंडपाठ असलेल्या बायका स्पेलिंगसाठी सहावीतल्या नातवापुढे बसल्या. ज्ञानेश्वरी या नावाचं स्पेलिंग एका गावात तीन तऱ्हेनं झालं, आणि आधारवर चौथंच होतं.

आणि २ जीबीच्या ओट्यावर हे नवं अ‍ॅप मावेना. उघडायला घ्यावं तर फोन तापायचा. अर्धी माहिती भरली की अ‍ॅप बंद, पुन्हा पहिल्यापासून. जागा करायला फोटो पुसले, बाकी अ‍ॅप काढली, तरी तेच. हमीची मुदत संपलेली, बिघडला तर दुरुस्तीचे पैसे पदरचे. मग जाऊबाईंनी तेच केलं जे राज्यभर हजारोजणींनी केलं. घरातला दुसरा फोन घेतला, मुलाचा. मुलाची शाळा तेव्हा त्याच फोनवर चालायची. सकाळी शाळा, दुपारी अंगणवाडी, रात्री अभ्यास. एका फोनवरून मायलेकरांची रोज कुरबुर. सरकारी फोन कपाटात आणि सरकारी काम घरच्या फोनवर, अशी तऱ्हा.

ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी, कृती समितीनं, ठरवलं की हे फोन परत करायचे. मोर्चे आपण पुष्कळ पाहिलेत, पण हे वेगळंच होतं. जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत सेविका प्रकल्प कार्यालयात जाऊन फोन टेबलावर ठेवू लागल्या. आमच्या जाऊबाईंनी फोन पुसला, चार्जर गुंडाळला, मूळ खोक्यात घातला आणि पिशवीत टाकला. खोकं जपून ठेवलं होतं. पोच मागून घेतली. घरी आल्यावर म्हणाल्या, "माहेरी पाठवल्यासारखं वाटलं हो ताई. पण वागवता येत नव्हतं त्याला."

त्यांचं म्हणणं काय होतं ते नीट ऐका, कारण काहींनी तेव्हा म्हटलं की बायकांना शिकायचं नाही म्हणून फोन परत केले. तसं नव्हतं. कॅस याच बायकांनी दोन वर्षं चालवलं होतं. त्या म्हणत होत्या, काम सांगता तर कामापुरतं हत्यार द्या, आणि अ‍ॅप मराठीत द्या. विळ्याला धार नसेल तर भाजी चिरणारीला बोल लावायचा नाही, एवढाच मुद्दा. अ‍ॅपच्या भाषेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे अ‍ॅपमध्ये मराठी आली, आज ते देशातल्या चोवीस भाषांत आहे. फोनचं भिजत घोंगडं मात्र पडून राहिलं. २० फेब्रुवारी २०२३ ला संप झाला, त्यातल्या मागण्यांत मानधनवाढीबरोबर चांगला मोबाईलही होता. त्यानंतरच्या मार्चमधल्या अर्थसंकल्पात सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० झालं, मदतनिसांचं ४,४२५ वरून ५,५००. आणि नंतर नवे फोनही आले.

माझं स्वतःचं मत विचाराल तर त्या दोन वर्षांत चूक अ‍ॅप बदलण्यात झाली नाही. अ‍ॅप बदलणारच. चूक झाली ती फोन म्हणजे एकदाच द्यायची वस्तू, असं धरण्यात. सतरंजी दिली, वजनकाटा दिला, फोन दिला, संपलं. वजनकाटा पाच वर्षांनीही किलोला किलोच म्हणतो. फोनला मात्र दर तीन-चार वर्षांनी बदलायची तजवीज खर्चात पहिल्या दिवसापासून धरावी लागते. आपण गटाच्या पिठाच्या गिरणीसाठी पट्ट्याचा आणि जात्याचा खर्च बाजूला टाकतो, तसंच आहे ते.

नवा फोन आला म्हणून गोष्ट संपली नाही. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. 'नारीशक्ती दूत' अ‍ॅपवर रात्री-बेरात्री अर्ज भरत बसलेल्या सेविका तुम्ही पाहिल्यात, तुमचा अर्जही कदाचित तिनंच भरला असेल. एका अर्जामागे ५० रुपये देण्याचं ठरलं होतं. दिवसा सर्व्हर चालायचा नाही म्हणून पहाटे तीनचा गजर लावलेला मला आठवतो. मग १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार घ्यायला चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. आधी आधारची पडताळणी, मोबाईलवर येणारा ओटीपी, आणि मग दर वेळी आईचा चेहरा फोनपुढे. आता बघा, इथे गोष्ट सेविकेची उरली नाही, आपली झाली. कॅमेऱ्यात चेहरा नीट आला नाही, रेंज गेली, अ‍ॅप नव्या आवृत्तीचं नसलं, तर पाकीट मिळायला खोळंबा. आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो तो फोन पुष्कळदा नवऱ्याच्या खिशात, नवरा ऊसतोडीला किंवा पुण्याला. लेकीला कडेवर घेऊन दोन-दोन वेळा परत गेलेल्या बाया मी दारातून पाहिल्यात.

तेव्हा त्या बैठकीतल्या ताईंचा फोन आम्ही उघडून पाहिला. सेटिंगमध्ये अगदी खाली 'फोनविषयी' असं लिहिलेलं असतं, तिथे अँड्रॉइडचा आकडा दिसतो आणि सुरक्षेची शेवटची सुधारणा कधी आली तिची तारीखही दिसते. ताईंचा आकडा होता ९. तारीख चार वर्षांपूर्वीची. म्हणजे दुकानदार अगदीच खोटं बोलत नव्हता. कोठी तपासली तर निम्मी सुप्रभातच्या फुलांनी भरलेली. ती काढली, तसा फोन जरा हलका झाला. व्हॉट्सअ‍ॅप अजून चालतंय, तोवर बदलायची घाई नको, असं आम्ही ठरवलं. पण बँकेचं अ‍ॅप त्यावर ठेवू नका, असं मी सांगितलं, कारण सुरक्षेची सुधारणा बंद झालेला फोन म्हणजे कडी तुटलेलं दार. आणि बदलाल तेव्हा जुना फोन विकण्याआधी त्यातलं आपलं गुगल खातं काढून सगळं पुसून घ्या. दुकानदारावर सोडू नका, समोर बसून करा.

त्यावर आमच्या गटांची सीआरपी ताई इतका वेळ गप्प बसली होती, ती बोलली. गटांच्या नोंदी ती आता लोकॉस अ‍ॅपवर भरते. म्हणाली, "सेविकांना निदान परत करायला सरकारी फोन तरी होता. मी माझ्या स्वतःच्या फोनवर तुमचे हिशेब भरते. तो अडकला तर मी काय परत करू?" कुणालाच पटकन उत्तर सुचलं नाही. मग आमच्या अध्यक्षीणबाईंनी वही ओढली आणि पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीसाठी विषय लिहून घेतला: सीआरपीचा फोन, खर्च कोणाचा.